गुलाबी कार्डावरची रेघ

सुया उकळताना राऊळमावशीला घड्याळ लागत नसे. स्टोव्हवरच्या चौकोनी डब्यात पाणी आधी कुरकुरायचं, मग तळाशी काचेच्या पिचकाऱ्या एकमेकींवर आपटून किणकिणायला लागायच्या. त्यानंतर किती वेळ गेला हे तिला डब्याकडे पाठ करून उभी असतानाही कळायचं. "मॉनिका, झाली वीस मिनिटं," ती म्हणायची. दवाखान्यातली दुसरी नर्स मॉनिका वाकोल्याच्या जुन्या गावठाणातली. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची आणि दर वेळी तेच विचारायची, "सुगंधा, तुझ्या कानात काटे बसवलेत का गं?"

मावशी हसायची नाही. हसू तिला येत असावं, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा. तोवर समोर पुढचा माणूस बाही वर करून बसलेला असायचा.

म्युनिसिपालिटीचा तो दवाखाना घाटकोपरला, टेकडीच्या पायथ्याशी. दोन खोल्या, बाहेर एक बाकडं. त्याच्या मागच्या बाजूला आमची चाळ. चौदा खोल्या, बहुतेक सगळी मालवण-वेंगुर्ल्याकडची माणसं. पुरुष गिरणीत होते. संप झाला, गिरणी गेली, मग ज्याला जे मिळालं ते त्याने धरलं. मुलं दहावीच्या आत शाळा सोडून मागच्या गल्लीतल्या शेडमध्ये लागली. तिथे पत्र्याची झाकणं कापायची, स्टोव्हचे बर्नर घासायचे, सेफ्टीपिना कागदावर टोचायच्या. मी शिकत राहिले, कारण माझे वडील पोस्टात होते. त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं.

राऊळमावशी नऊ नंबरमध्ये एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. चाळीतल्या अर्ध्या पोरांच्या दंडावरच्या देवीच्या खुणा तिच्या हातच्या होत्या. कुणी आजारी पडलं तर लोक आधी तिचं दार वाजवायचे आणि मग दवाखान्याच्या वेळेला जायचे.

चौऱ्याऐंशी साली तीन नंबरमधली शकु गेली. सोळा वर्षांची होती. शेडमध्ये पायाच्या अंगठ्याला पत्रा लागला, तिने हळद भरली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. आठव्या दिवशी जेवायला बसली तर तोंड उघडेना. घरच्यांना वाटलं दाढ धरली. मावशीने तिच्या मानेला हात लावला आणि ताबडतोब टॅक्सी आणायला सांगितली. धनुर्वाताच्या रोग्यांना तेव्हा हॉस्पिटलात अंधाऱ्या खोलीत ठेवत. उजेड पडला, भांडं पडलं, तरी शरीर मागे वाकायचं. मावशी तिथे तीन रात्री दाराबाहेर बसून होती. चौथ्या दिवशी ती परत आली, आंघोळ केली आणि तशीच ओल्या केसांनी दवाखान्यात जाऊन रजिस्टर उघडून बसली.

मॉनिका सांगायची, त्या दिवशी सुगंधा दुपारपर्यंत रजिस्टरवरून उठली नाही. फक्त बोट फिरवत राहिली.

रजिस्टरमध्ये जे होतं ते साधं होतं. धनुर्वाताची लस दहाव्या वर्षी एकदा आणि सोळाव्या वर्षी एकदा द्यायची. दहा वर्षांच्या मुलांची पानं भरलेली होती. सोळा वर्षांच्या मुलांचं एकच पान होतं आणि त्यावर अकरा नावं होती. भागात त्या वयाची मुलंमुली होती एकशे अडतीस. शाळा दहा वर्षांच्या पोरांना रांगेत उभं करते. सोळा वर्षांच्या पोरांना रांगेत उभं करणारं कुणी नसतं. आणि शकुच्या नावापुढे दहाव्या वर्षाच्या रकान्यातसुद्धा 'गैरहजर' असं लिहिलेलं होतं. अक्षर मावशीचंच होतं.

त्यानंतर मावशीने जे केलं त्याला मोहीम वगैरे म्हणता येणार नाही. दवाखाना नऊला उघडायचा आणि चारला बंद व्हायचा, तेव्हा ही पोरं शेडमध्ये असायची. शेडची सुट्टी रविवारी नसे, शुक्रवारी असे, आणि शुक्रवारी सकाळी पोरी धुणी-पाणी करायच्या, पोरं झोपायची. मावशीने डॉक्टरसाहेबांकडे शुक्रवारी संध्याकाळी सातपर्यंत दवाखाना उघडा ठेवायची परवानगी मागितली. "ओव्हरटाइम नाही मिळायचा," ते म्हणाले. "नको," ती म्हणाली. मॉनिकाला तिने विचारलंच नाही. मॉनिका आपणच थांबली आणि दर शुक्रवारी शिव्या घालत राहिली.

पोरं येऊ लागली. एक यायचा, त्याला सुई लागताना बघायला चार यायचे, त्या चारांना मॉनिका सोडायची नाही. "काय रे, मिशी फुटली आणि सुईला घाबरतोस? बस इथे, हिरो." वर्षभरात पान उलटावं लागलं.

अडचण वेगळीच निघाली. ज्यांना दहाव्या वर्षी लस मिळालेली नव्हती त्यांना सोळाव्या वर्षी एका महिन्याच्या अंतराने दोन सुया लागत. दुसरीची तारीख लिहून द्यायला कार्ड हवं. पांढरी कार्डं संपली. मागणी पाठवली, उत्तर आलं नाही. कपाटात गुलाबी कार्डांचे गठ्ठे पडून होते, पोटुशा बायकांचे. तीच लस त्यांनाही देतात, तशीच दोनदा, महिन्याच्या अंतराने. रकानेही तेच. वरती फक्त छापलेलं होतं : गरोदर मातेचे कार्ड.

मावशीने एका संध्याकाळी घरी पट्टी आणि लाल पेन घेऊन दोनशे कार्डांवर ती ओळ खोडली. मी तिच्याकडे बसले होते. रेघ सरळ यावी म्हणून ती श्वास रोखून धरायची. खोडून झालेली कार्डं मी शिक्क्याची बाजू वर करून लावत होते. दहाव्या वर्षीची सुई माझीही चुकली होती, त्यामुळे त्यातलंच एक माझ्या नावाचं झालं. माझ्या मनात काहीही आलं नाही. तिच्याही आलं नसावं. आम्हाला दोघींनाही वाचता येत होतं, आणि वाचता येणाऱ्या माणसाला वाटतं की खोडलेलं ते गेलं.

बारा नंबरमधली वनमाला परब माझ्याच वयाची. तिच्या आजीचं नाव तिला ठेवलं होतं, त्यावरून पोरं तिला 'म्हातारे' म्हणायची. ती सेफ्टीपिनांच्या शेडमध्ये होती. दिवसाला किती कागद टोचले हे तिच्या बोटांकडे बघून कळायचं. शहाऐंशीच्या डिसेंबरात एका शुक्रवारी तिने पहिली सुई घेतली, जानेवारीत दुसरी घ्यायची होती. तोवर तिचं लग्न ठरत आलं. मुलगा चंद्रप्रकाश, बोरीवलीला राहणारा, दूध केंद्रावर नोकरी. लग्न दोन वर्षांनी, ती अठराची झाल्यावर. सुपारी फुटली होती, साखरपुड्याची तारीख काढायची राहिली होती. तिची आई शेवंती या ना त्या निमित्ताने चाळभर फिरून 'आमचे बोरीवलीकर' असं म्हणायची.

बोरीवलीहून मुलाची आई रुक्मिणीबाई आणि मध्यस्थ अण्णा तारीख काढायला आले. अण्णांनी मुलीचा जन्मदाखला मागितला. आमच्याकडे सगळ्या घरांत कागदपत्रांची एकच जागा असायची. रेशनकार्डाची प्लास्टिकची पिशवी, दाराआडच्या खिळ्याला. शेवंतीने पिशवी काढली आणि खाली उपडी केली. रेशनकार्ड, केरोसीनचं कार्ड, नवऱ्याचा, काशीरामचा, गिरणीतला जुना पास, दाखला. आणि गुलाबी कार्ड.

रुक्मिणीबाईंना वाचता येत नव्हतं. पण त्यांच्या थोरल्या सुनेचं महिन्यापूर्वीच बाळंतपण झालं होतं, तसलंच कार्ड त्यांच्या घरी कॅलेंडरच्या खिळ्याला लटकत होतं. रंग त्यांनी ओळखला. कार्ड उचलून त्यांनी अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी ते खिडकीकडे धरलं. नाव, वनमाला काशीराम परब. वय, सोळा. आणि मग लाल रेघेखालची ओळ. खोडलेलं माणूस आधी वाचतो. का खोडलं असेल, म्हणून वाचतो.

त्यांनी चहा घेतला. रुक्मिणीबाईंनी वनमालाच्या डोक्यावरून हात फिरवला. "तारीख कळवतो," अण्णा म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते एकटेच आले आणि सुपारीच्या वेळी दिलेलं खणनारळाचं ताट परत ठेवून गेले. नारळ तोच होता. शेंडी वाळलेली.

दुपारी शेवंती दवाखान्यात आली. बाकड्यावर माणसं होती. तिने कार्ड टेबलावर टाकलं.

"ह्या काय दिलंस माझ्या पोरीक? वाच. मोठ्याने वाच."

मावशीने कार्ड उचललं. लाल रेघेवरून तिने अंगठा फिरवला. मॉनिका पुढे झाली, "अगो, ते पोरांना पण देतो आम्ही—"

"तुका नाय विचारलंय," शेवंती म्हणाली. "तुमच्याकडे कार्डां नाय होती तर कागदार लिवचा होता. बिडीच्या पाकिटार लिवचा होता."

ते खरं होतं.

संध्याकाळी काशीराम मावशीच्या खोलीकडे आला. तो रात्रपाळीचा वॉचमन, कामाला निघालेला, खाकी शर्टात. दारातच उभा राहिला. "बाई, तुमच्यावर राग नाय," तो मावशीला म्हणाला. "तुम्ही शकुसाठी किती केलंत ते बघितलंय. पण आमच्या दारात आता येऊ नका."

त्या शुक्रवारी दवाखान्यात एकही मुलगी आली नाही. मुलगे आले, नऊ. सातला मॉनिकाने स्टोव्ह विझवला.

रविवारी मावशी बोरीवलीला निघाली. तिने रजिस्टर पिशवीत घातलं, डॉक्टरसाहेबांची सहीची चिठ्ठी घेतली आणि मला म्हणाली, "तू चल. तुझ्याकडे पण कार्ड आहे." मी माझं गुलाबी कार्ड वहीत घालून गेले. कॉलेजात जाणारी, चष्मा लावणारी मुलगी, तिच्याकडेही तेच कार्ड. आपण पुरावा आहोत हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं.

रुक्मिणीबाईंनी आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं. कॅलेंडरच्या खिळ्याला सुनेचं कार्ड होतंच. मावशीने रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवून दाखवलं. "हे बघा. हे सगळे मुलगे. ह्यांना हीच सुई दिली. ही मुलगी बघा, कॉलेजात आहे, हिला हीच सुई. पायाला खिळा लागला तर माणूस मरू नये, एवढ्यासाठी असते ती. आमच्या चाळीतली एक मुलगी मेली. सोळा वर्षांची."

रुक्मिणीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सुनेला म्हणाल्या, "हिला आत बाळ दाखव." मी आत गेले. मध्ये नुसता पडदा होता.

"बाई, तुम्ही खोटं बोलत नाय. मला कळतं," रुक्मिणीबाई म्हणत होत्या. "चिठ्ठीबिठ्ठी कशाला? तुमचं तोंडच सांगतंय."

"मग?"

"मग मला कळून काय उपयोग? ते कार्ड अण्णांनी बघितलं. अण्णा बारा घरी जातो. त्या बारा घरांत मी रजिस्टर घेऊन फिरू?"

रजिस्टर मिटल्याचा आवाज आला.

"एक करा," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला. रागाचा नव्हता, अजीजीचा होता. "आमच्या ओळखीची एक डॉक्टरीण आहे इथे. मुलीला तिच्याकडे आणा. ती तपासेल आणि कागद देईल. तो कागद मी अण्णांच्या हातात ठेवते. मला मुलगी आवडली हो. माझा मुलगा दोन दिवस जेवला नाय."

आत सुनेने बाळाच्या अंगावरचं दुपटं बाजूला केलं आणि मला म्हणाली, "झोपलंय." मी म्हटलं, "हो."

बाहेर रजिस्टर पिशवीत सरकल्याचा आवाज आला. मग मावशी म्हणाली, "बरं. येते मी."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. विक्रोळी येईपर्यंत पिशवी मांडीवर धरून होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू काही ऐकलं नाहीस."

"नाही," मी म्हटलं.

चाळीत आल्यावर ती बारा नंबरच्या दाराबाहेरच उभी राहिली. आत न जाता तिने काशीरामला सांगितलं, "नाही म्हणाले." तेवढंच. वनमाला मागे चुलीपाशी होती. तिने भाकरी उलटली.

मी तेव्हा खूप विचार केला असं म्हणता येणार नाही. मावशीने जे केलं ते बरोबर वाटत होतं. एका मुलीला टेबलावर निजवून तिच्या चांगुलपणाचा कागद आणायचा, आणि तोही ज्या सुईने ती जगावी असं मावशीला वाटलं होतं तिच्यापायी. ते मावशीच्या हातून होणार नव्हतं. पण वनमाला रोज सकाळी माझ्यासमोरून शेडमध्ये जायची. ती पूर्वीसारखीच चालायची. मला तिच्याकडे बघता येत नसे.

पुढचे चार महिने मावशी शुक्रवारी दवाखाना उघडून बसत राहिली. मुलगे दोन-चार यायचे, पोरी येत नव्हत्या. सुपारी फुटलेल्या मुलीचं ताट परत आलं ही गोष्ट टेकडीच्या वरपर्यंत गेली होती, आणि वर जाताना तिचं आणखी काही झालं होतं. काहींनी दुसऱ्या सुईची कार्डं जाळली. मावशी कुणाला समजवायला गेली नाही. उरलेली गुलाबी कार्डं तिने सुतळीने बांधून कपाटाच्या तळाशी ठेवली. ती पाणी ठेवायची, पिचकाऱ्या उकळायची, बाहेर काढून कापडावर मांडायची, आणि सातला परत डब्यात ठेवायची. "कोणासाठी इतक्या उकळतेस गं?" मॉनिकाने एकदा विचारलं. मावशी म्हणाली, "शुक्रवार आहे ना." तिला वाईट वाटत होतं की नाही, तेही सांगता येत नव्हतं. मला वाटतं तिला काहीच वाटत नव्हतं. हाताला सुई दिल्यावर दोन दिवस हात आपला वाटत नाही, तसं काहीसं.

जूनमध्ये एका शुक्रवारी साडेपाचला शेवंती आली. इतक्या महिन्यांत ती मावशीशी नळावरसुद्धा बोलली नव्हती. ती आत आली नाही, बाहेरच्या बाकड्यावर बसली आणि ब्लाउजची बाही वर केली.

"माका दे."

मावशी दारात आली. "तुला कशाला?"

"दे म्हणतंय ना. हयसर दे, भायेर. सगळ्यांका दिसू दे."

मॉनिका म्हणाली, "अगो, तुला सोळावं लागलंय काय?"

"माका बेचाळीस लागलीत आणि माझ्या पोटात काय नाय," शेवंती मोठ्याने म्हणाली. रस्त्यावरच्या दोन बायका थांबल्या. "माका दिलंस म्हणजे कळात तरी सगळ्यांका, ही सुई पोटुशीचीच नाय ती."

मावशीने तिच्याकडे बघितलं. नियमात ते बसत नव्हतं. पण लसीच्या एका बाटलीत दहा जणांची लस असायची. बाटली फोडली की दिवस संपायच्या आत वापरायची, नाहीतर उरलेली ओतून टाकायची. त्या दिवशी चार मुलगे आले होते, सहा जणांची उरली होती. चार महिने दर शुक्रवारी उरलेली लस मोरीत जात होती.

मावशीने बाकड्यावर बसून शेवंतीला सुई दिली. शेवंतीने तोंड वाकडं केलं नाही. सुई निघाल्यावर ती उठली आणि तडक चाळीत गेली, आणि खोल्यांची दारं वाजवायला लागली. "चल गो. तू घेतलंस तर माझ्या पोरीचा नाव धुतला जायत. आणि पोरीक घेऊन ये बरोबर." सात नंबरच्या सत्तर वर्षांच्या आजीला तिने हाताला धरून आणलं. आजी बाकड्यावर टेकली, पदराने कपाळ पुसलं आणि विचारलं, "काय गो शेवंते, माका पण दिवस गेले की काय?"

बाकड्याभोवती उभ्या असलेल्या बायका हसल्या. आधी एक, मग सगळ्याच. मॉनिका तर भिंतीला टेकून हसली. मावशीने कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि आजीचा दंड पुसला.

पुढच्या शुक्रवारी सोळा बायका होत्या, त्यांच्याबरोबर पाच पोरी. आया आणि लेकी एकाच रांगेत, विधवा, म्हाताऱ्या, शेडमधले पोरगे, एकामागे एक. मावशीने कार्डं दिलीच नाहीत. तिने एक दोनशे पानी वही केली. त्यात घर क्रमांक आणि महिना, एवढंच. दुसऱ्या सुईची तारीख ती तोंडी सांगायची, "नारळीपौर्णिमेच्या आदल्या शुक्रवारी ये," आणि ती पोरगी आली नाही तर शनिवारी शेवंती तिच्या दारात उभी असायची. शेवंती लसीविषयी काहीच सांगत नसे. ती फक्त म्हणायची, "माझ्या वनमालासाठी घे."

वर्षाच्या शेवटी सोळा वर्षांच्या पानावर एकशे एकवीस नावं होती. डॉक्टरसाहेबांनी आकडे वर पाठवले. एक अधिकारी येऊन बघून गेला आणि त्याने मावशीला विचारलं, तुम्ही नेमकं काय केलंत. ती म्हणाली, "शुक्रवारी उघडा ठेवला." मॉनिकाने नंतर तिला चिमटा काढला, "आणि मी काय माशा मारत होते?"

आदल्या वर्षीच्या रजिस्टरात मात्र एका नावापुढे दुसऱ्या सुईचा चौकोन कोरा राहिला. वनमाला आली नाही. तिच्या आईने चाळ गोळा केली, टेकडी गोळा केली, पण स्वतःच्या मुलीला ती चल म्हणाली नाही, आणि मावशीनेही निरोप पाठवला नाही. मला एकदा मावशी रजिस्टर उघडून त्या चौकोनावर बोट ठेवून बसलेली दिसली. मी आत गेले तेव्हा तिने पान उलटलं.

वनमालाचं नाव धुतलं गेलं का? चाळीत गेलं. तिच्याविषयी कुणी वाकडं बोलेना झालं. पण बोरीवलीचा चंद्रप्रकाश पुढच्याच वर्षी कुर्ल्याची मुलगी करून मोकळा झाला, आणि ज्या घरी अण्णा जायचे त्या घरांना बाकड्यावरची हकीकत कुणी सांगितली नव्हती. वनमाला सेफ्टीपिनांकडून पत्र्याच्या शेडमध्ये गेली. तिथे पगार बरा होता. ती कमी बोलायची, पण पूर्वीही ती फार बोलत नसे. त्यामुळे काही बदललं आहे की नाही हे ठरवणं अवघड होतं.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये एका दुपारी मी कॉलेजातून येत होते. ती शेडच्या दारात उभी होती, डाव्या हाताभोवती ओढणी गुंडाळलेली. ओढणी भिजली होती. "अंगठ्याला लागलंय," ती म्हणाली. "पत्रा." मी म्हटलं, "चल." ती आली. आम्ही दोघी गल्लीतून चालत गेलो, ती हात वर धरून.

मावशीने तिला स्टुलावर बसवलं, जखम धुतली, पट्टी बांधली. बांधताना तिचे हात नेहमीसारखेच होते. मग तिने बाटली काढली. मागे स्टोव्हवर डबा किणकिणत होता.

"दुसरी राहिली होती तुझी," मावशी म्हणाली.

"हो."

मावशीने पिचकारी भरली, उजेडाकडे धरली, हवा काढली. सुई हातात तशीच धरून ती म्हणाली, "वनमाला, तेव्हा बोरीवलीच्या बाईने सरळ नाही म्हटलं नव्हतं. तुला त्यांच्या डॉक्टरणीकडून तपासून घ्यायला सांगितलं होतं. कागद मिळाला असता तर लग्न होणार होतं. मी तुमच्या घरी ते सांगितलं नाही."

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते. त्यावर एक हसरं बाळ होतं.

वनमालाने पट्टीकडे बघितलं. "मी गेले असते," ती म्हणाली.

"माहीत होतं मला."

"मग?"

मावशीने पिचकारी परत उजेडाकडे धरली.

"गेले असते मी, मावशी. पाच मिनिटांचं काम. डोळे मिटून पडले असते." तिचा आवाज वर गेला नाही, खाली आला नाही. "तुला बघवलं नसतं. पण तुला कुठे बघायचं होतं?"

स्टोव्हवरचं पाणी वाजत राहिलं. पिचकाऱ्यांची किणकिण जाऊन आता नुसता कोरडा खडखडाट येत होता. मॉनिका आतून धावत आली आणि तिने पदराने डबा खाली उतरवला. "सुगंधा! पाणी आटलं की सगळं. काचा गेल्या असत्या. ऐकू येत नाही का तुला?"

मावशीला ऐकू आलं नव्हतं. ती वनमालाकडे बघत होती.

"तुला विचारायला हवं होतं," शेवटी ती म्हणाली.

वनमालाने मान हलवली. ती हो म्हणाली की राहू दे म्हणाली, ते मला कळलं नाही. मग तिने उजव्या हाताची बाही खांद्यापर्यंत वर केली आणि हात पुढे केला.

"हात सैल सोड," मावशी म्हणाली.

"सैलच आहे."

सुई गेली, निघाली. मावशीने कापूस दाबून धरला, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ. मग ती कपाटाशी गेली, शहाऐंशीचं जुनं रजिस्टर काढलं, पान शोधावं लागलं नाही. कोऱ्या चौकोनात तिने त्या दिवसाची तारीख लिहिली, एकोणनव्वद सालासकट.

"उद्या कामावर जाऊ ना?" वनमालाने विचारलं.

"अंगठा भिजवू नकोस. दंड जड वाटेल दोन दिवस."

"वाटू दे," वनमाला म्हणाली आणि बाही खाली ओढली.